माझ्या मापाचं युकलेले

"बाईंना ऐकू येतं ना?" दुकानातल्या माणसानं रेमंडला विचारलं. मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते.

"ऐकू येतं, समजतंही सगळं," रेमंड म्हणाला. "फक्त बोलता येत नाही."

"अच्छा, अच्छा." तो माझ्याकडे वळला आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा मोठ्यानं म्हणाला, "आन्टी, बसा. इथे. खुर्चीवर."

मी तेव्हा शेचाळीस वर्षांची होते आणि तोही चाळिशीच्या आसपासचा असावा. खुर्ची मला दिसत होती. मी बसले.

वसईहून आम्ही शेजाऱ्यांची ओम्नी घेऊन अंधेरीच्या त्या वाद्यांच्या दुकानात आलो होतो. रेमंड, मी आणि आमची बारा वर्षांची जोविता. जोविता दुकानात शिरल्या शिरल्या कीबोर्ड मांडले होते तिकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. दोन आठवडे ती माझ्याशी धड बोलत नव्हती. का, ते मला कळत नव्हतं आणि विचारण्याची सोय माझ्याकडे नव्हती.

आदल्या वर्षी ईस्टर झाल्यावर, तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या हातातून खडू पडला. तो उचलायला वाकले ती उठलेच नाही. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवी बाजू गेली आणि भाषा गेली. पाय बऱ्यापैकी परत आला, हात अर्धामुर्धा आला, भाषा मात्र आली नाही. माझ्याकडे एकच शब्द उरला. "बरं." पाणी हवं असलं तरी बरं, डोकं ठणकत असलं तरी बरं, समोरच्याला निघून जा म्हणायचं असलं तरी बरं. मनात वाक्य अख्खं तयार असायचं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. तोंडापर्यंत येईतो त्याचं बरं झालेलं असायचं. लिहायला बसले तर अक्षरं यायची, शब्द व्हायचे नाहीत. मान हलवायला गेले तर तीही भलतीकडे हलायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कुणाकडे एखादी शिवी उरते, कुणाकडे एखादा आकडा. मला शिवी उरली असती तर फार उपयोगाची ठरली असती.

कारण घरात सगळ्यांना माझा शब्द फार सोयीचा पडला. तुझी स्कूटी विकायची का? बरं. तुझी गिटार हिल्डाच्या पुतण्याला देऊया का, नाहीतरी पडूनच आहे? बरं. हिल्डा म्हणजे रेमंडची मोठी बहीण, नाशिकला असते. पुतण्या येऊन गिटार घेऊन गेला आणि जाताना मला "थँक्यू आन्टी" म्हणाला. पंचवीस वर्षं मी त्या गिटारवर आमच्या चर्चचा गायनवृंद चालवला होता. मी त्यालाही बरं म्हणाले. त्या शब्दातला जाळ कुणाला ऐकू आला नाही.

पण मला गाता येत होतं. आजारानंतर पहिल्यांदा मिस्साला गेले तेव्हा गीत सुरू झालं आणि माझ्या तोंडून सगळे शब्द बाहेर पडले, एकही न अडखळता. मागच्या बाकावरच्या बायका रडायला लागल्या. गीत संपलं आणि मी पुन्हा बरं. वाचा सुधारणाऱ्या कामत मॅडमनी समजावलं की गाणं मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतं, तिकडून आपण बोलणं ओढून आणू. त्या मला दोन सूर द्यायच्या, एक वरचा, एक खालचा, आणि डाव्या हातानं मांडीवर ताल धरायला लावायच्या. त्या सुरांवर "पाणी दे" बसवायला मला अख्खा उन्हाळा लागला. मग "जोवी ये" आलं. "नाही" काही केल्या येत नव्हतं. कामत मॅडम म्हणाल्या, तारांचं वाद्य पूर्वी वाजवत होता, तर हाताशी पुन्हा काहीतरी हवं. उजवा हात गिटारवरून पलीकडे पोचणार नाही, युकलेले घ्या, गिटारसारखंच पण लहान, चार तारांचं. आणि रेमंडला त्यांनी बजावलं होतं, "निवडू दे त्यांना स्वतःला."

दुकानातला तो माणूस, त्याच्या शर्टावर पराग असं लिहिलेलं होतं, आतून एक निळंशार चकचकीत युकलेले घेऊन आला. त्यावर पांढरा डॉल्फिन काढलेला होता.

"सोप्रानो," तो रेमंडला म्हणाला. "सगळ्यात लहान माप. हलकं आहे, पडलं तरी काही होत नाही. पेशंटसाठी हेच बरं."

"लहान म्हणजे सोपं पडेल ना?"

"एकदम सोपं. मुलं यावरच शिकतात."

त्यानं ते माझ्या मांडीवर ठेवलं. मी डावा हात फिरवला. मधल्या भोकाच्या कडेला बोट लावलं तर लाकडाचे थर वेफर बिस्किटासारखे एकावर एक दिसत होते. स्वस्त प्लाय, वर जाड रंगाचा थर. असलं वाद्य छेडलं की आवाज पेटीतून बाहेर यायच्या आधीच मरतो. वाद्याच्या मानेच्या कडेनं हात सरकवला तर तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बोटाला ओरखडत होती. तारा इतक्या वर होत्या की खाली पेन्सिल गेली असती. आणि माझी बोटं आईकडून आलेली, लांब आणि जाड. पट्ट्यांमधल्या त्या चिमुकल्या घरांत तीन बोटं शेजारी बसेनात.

पण खरी अडचण उजव्या हाताची होती. युकलेले छातीशी धरून ठेवतो तो उजवा कोपर. ज्याच्या हातात बळ आहे तो लहानशी पेटीही दाबून धरतो. माझ्या हातात बळ नव्हतं. हाताखाली काहीतरी भरीव हवं होतं. हे निळं खेळणं तीनदा छातीवरून घसरलं. तिन्ही वेळा परागनं ते उचलून पुन्हा माझ्या छातीशी टेकवलं आणि रेमंडकडे बघून समजूतदारपणे हसला.

"पट्टा लावून देतो," तो म्हणाला. "सवय होईल."

मी डाव्या हातानं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे तपकिरी, साधी, न रंगवलेली युकलेले टांगली होती.

"ती प्रोफेशनल लोकांची, आन्टी."

"फिलू, आधी शिकण्यापुरतं घेऊ," रेमंड म्हणाला. "जमलं तर पुढे बघू."

शिकण्यापुरतं. याच माणसानं चर्चच्या अंगणात मला गिटारवर गाताना पाहिलं आणि मग सहा महिने आमच्या घराच्या रस्त्यानं विनाकारण सायकल चालवली. लग्नात त्यानं हे शंभर लोकांना सांगितलं होतं.

"हे चालेल ना?" त्यानं विचारलं.

मी सगळा जोर लावला. "बरं."

"आवडलं तिला," रेमंड म्हणाला. "पॅक करा."

मी उठले. पाय ओढत भिंतीपाशी गेले आणि मधल्या मापाचं एक तपकिरी युकलेले डाव्या हातानं खुंटीवरून काढलं. काढताना ते शेजारच्यावर हलकेच आपटलं. पराग धावत आला.

"आन्टी, आन्टी, सांभाळून. द्या इकडे." त्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं. ओढून नव्हे, त्याहून वाईट. लहान मुलाच्या हातातून कात्री काढतात तसं, एकेक बोट सोडवून. गिटार बघणारी दोन कॉलेजची पोरं आमच्याकडे बघायला लागली. रेमंड कानकोंडा झाला.

"सॉरी हां," तो त्याला म्हणाला. "तिला कधी कधी कळत नाही."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हिल्डाचा होता. रेमंड दोन पावलं बाजूला झाला, पण आवाज खाली आणायची गरज त्याला वाटली नाही. माझ्यासमोर बोलताना तशी गरज आता कुणालाच वाटत नसे.

"हो हिल्डा, शनिवारचं नक्की. तू गाडी घेऊन ये, तिचं सामान भरपूर आहे... शाळेचं झालं ना? छान... नाही गं, फिलूची कसली हरकत. मी विचारलं ना तिला. बरं म्हणाली... आत्ता दुकानातच आलोय. जोवी गेल्यावर हिला घरात काहीतरी विरंगुळा नको का?"

मी काउंटरची काच धरली.

त्यानं विचारलं होतं, हे खरं. दोन आठवड्यांपूर्वी जेवताना. जोविताला दोन-तीन वर्षं हिल्डाकडे ठेवूया का, तिला मूलबाळ नाही, शाळा चांगली आहे, तुझ्यावर भार नको. मी ताट बाजूला ढकललं होतं आणि बरं, बरं, बरं म्हणत टेबलावर हात आपटला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. रेमंडनं हातावर थोपटलं, "शांत हो, शांत हो" म्हणाला आणि पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं त्याला समजलं. मी समजत होते की विषय संपला. त्यांनी शाळाही ठरवली होती, दिवसही ठरवला होता, आणि माझी समजूत घालायला डॉल्फिनचं चित्र असलेलं खेळणं बांधून देणार होते.

मी जोविताकडे बघितलं. तिनंही फोन ऐकला होता. ती वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ घट्ट मिटलेले.

"आता कशाला बघतेस, मम्मी?" ती म्हणाली. "मी दाराआड होते त्या दिवशी. तू तीनदा बरं म्हणालीस."

माझ्यावर आजवर जे जे आलं, त्यात मी त्या एका क्षणाइतकी कशानंच संतापले नाही. रेमंडवर, हिल्डावर, त्या परागवर आणि माझ्या तोंडात ठाण मांडून बसलेल्या त्या एका शब्दावर. पोरगी दोन आठवडे असं धरून बसली होती की आईला ती नको आहे.

परागनं ते तपकिरी युकलेले काउंटरवर ठेवलं होतं, टांगायच्या आधी पुसायला. मी ते उचललं. तो पुढे झाला. वर्गातली पोरं ज्या नजरेनं जागच्या जागी बसायची, त्या नजरेनं मी त्याच्याकडे बघितलं. तो थांबला.

मी खुर्चीवर बसले. पेटी छातीशी धरली आणि उजवा हात वरून टाकला. ती हलली नाही. कोपराखाली तिचा बाक बरोबर भरला. डाव्या हाताचं एक बोट शेवटच्या तारेवर ठेवलं आणि उजव्या अंगठ्यानं, खांद्यातून हात पाडत, तारा छेडल्या. आवाज उबदार होता, खालून भरलेला. कितीतरी महिन्यांत मी स्वतः काढलेला तो पहिला आवाज. मी पुन्हा छेडलं. मग कामत मॅडमचे दोन सूर घेतले, वरचा आणि खालचा, आणि मांडीवरच्या थापेऐवजी अंगठा पाडत राहिले.

"ना," मी वरच्या सुरावर गायले. अंगठा पाडला. "ही."

मलाच खात्री नव्हती की ते माझ्याच तोंडून आलं. मी पुन्हा गायले. "ना-ही." तिसऱ्यांदा मोठ्यानं. मग जुना बसलेला शब्द त्याला जोडला. "जोवी. ना-ही. जोवी. ना-ही."

रेमंडच्या कानाला फोन तसाच होता. त्यातून हिल्डाचा "हॅलो, हॅलो" बाहेर ऐकू येत होता.

"फिलू," तो म्हणाला. "मी तुला विचारलं होतं."

मी तार छेडली. "ना-ही."

"तू बरं म्हणालीस."

"ना-ही."

तो माझ्यासमोर स्टुलावर बसला. त्याचा चेहरा उतरत चालला होता. मग त्यानं हळू आवाजात विचारलं, "गिटार?"

"ना-ही."

"स्कूटी?"

"ना-ही."

"आणि ते पलंगाचं..." पलंग खालच्या खोलीत आणून मला तिथे एकटीला झोपवायचं हिल्डानं ठरवलं होतं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी नाही गायले. रडत होते की गात होते, मला सांगता येणार नाही. रागानं गात होते एवढं नक्की.

जोविता कीबोर्डपासून निघाली आणि माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात गार होता.

"डॅडी," ती म्हणाली, "फोन चालू आहे. आत्याला सांग."

रेमंड फोन घेऊन बाहेर फुटपाथवर गेला. काचेतून तो दिसत होता. बराच वेळ नुसता ऐकत होता. मग तो एक-दोन वाक्यं बोलला आणि फोन ठेवला.

पराग खाकरला. "मॅडम," तो म्हणाला. आन्टी गेली होती आणि आवाजही माणसाच्या पट्टीत आला होता. "याच मापात आणखी आहेत. दाखवू?"

त्याला मी सहज माफ केलं नाही. सगळी काढायला लावली. जोविता माझ्यासमोर एकेक धरायची, मी नाही गायचे आणि ती पुढचं घ्यायची. टेनर नावाचं मोठं माप घेऊन बघितलं. त्याचा आवाज गिटारच्या जवळचा होता, जीव अडकला, पण माझा हात त्याच्या पेटीवरून पुढे जाईना. एक चकाकणारं होतं, वर सुंदर वाघासारखे पट्टे, पराग त्याच्या लाकडाचं काहीतरी परदेशी नाव घेत होता. मी भोकाच्या कडेला नख लावून जोविताला दाखवलं. वरचे पट्टे कडेला येऊन संपत होते, आत साधा प्लाय.

"हे वरून चिकटवलंय?" जोविता त्याला म्हणाली.

"लॅमिनेट आहे," तो म्हणाला. "टिकाऊ असतं."

"ना-ही," मी गायले.

शेवटी महोगनीचं एक हातात राहिलं. दिसायला सगळ्यांत साधं. पण वरची फळी अखंड लाकडाची, तिच्या रेषा भोकाच्या कडेवरून वळून सरळ आत गेलेल्या. पट्ट्यांची टोकं गुळगुळीत. अर्ध्या तारेवर बोट ठेवून वाजवलं तर वरचा सूर मोकळ्या तारेशी तंतोतंत जुळला. चारी तारांचं तसं करून बघितलं. मग ते जोविताच्या हातात दिलं.

रेमंड परत आला तेव्हा निळं युकलेले अजून काउंटरवर अर्धवट बांधलेलं होतं. त्यानं ते परागकडे सरकवलं.

परतीच्या वाटेवर गाडीत, खाडीच्या पुलावर आल्यावर रेमंड समोर बघतच म्हणाला, "तू बरं म्हणायचीस ना, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायचं. एक गोष्ट उरकली. मी तुझं तोंड बघायचं बंद केलं होतं."

मला बरंच बोलायचं होतं. वाक्यं रांग लावून उभी होती. मी काहीच बोलले नाही आणि त्यानंही या वेळी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ स्वतः लावला नाही.

आता मी साठी ओलांडली आहे. हळू बोलते, अडखळते, पण बोलते. वर्ग मला परत मिळाला नाही, गायनवृंद मिळाला. हे सगळं सांगताना अजून माझे कान तापतात. जोविता म्हणते, मम्मी, किती वर्षं झाली. ती आता परगावी नोकरी करते आणि गेली ती स्वतः ठरवून.

त्या शनिवारी हिल्डा तरीही आली. फोनवरचं तिला पटलं नव्हतं. गाडी दारात उभी करून ती पडवीत आमच्यासमोर बसली, जोवितानं आणलेला चहा हातात घेतला आणि रेमंडला म्हणाली, "दुकानात काहीतरी गायली म्हणे. तेवढ्यावरून तू शाळेची आलेली जागा सोडणार? तिला बिचारीला काय झेपतंय? पोरीचं कोण बघणार?"

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

"मला का विचारतेस?" रेमंड म्हणाला. "ती समोर बसलीय. तिला विचार."

हिल्डानं माझ्याकडे बघितलं. आजारी पडल्यापासून बहुतेक पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत. "काय गं फिलू?"

मी युकलेले उचललं. शब्द एकेक करून, दोन सुरांवर चालवत आणायचा होता. "जोवी" आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. हिल्डा माझ्याऐवजी वाक्य पुरं करायला पुढे झुकली. रेमंडनं हात आडवा धरला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, "इथेच" पाशी अडकले, मागे गेले, परत आले. "राहील" म्हणून थांबले तोवर तिच्या हातातल्या चहावर जाड साय धरली होती, आणि तेवढ्या वेळात मध्ये कुणीही बोललं नव्हतं.